गळ, मरळ आणि कुंभकोणम

कुंभकोणमला लोक मंदिरांसाठी जातात. सारंगपाणी, आदी कुंभेश्वर, चक्रपाणी, रामस्वामी अशी नावे घेत गेलात तर दोन दिवस कसे सरतात ते कळत नाही. शिवाय चार किलोमीटरवर दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर आहे, ज्याला 2004 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. ही सगळी मंदिरे तुम्ही पाहाच. पण हा लेख खास अशा कुटुंबांसाठी आहे, ज्यांच्या घरात एखादा नवरा, मुलगा किंवा भाचा गेली दोन-चार वर्षे मोबाइलवर अमेरिकन 'बास' माशांच्या मासेमारीचे व्हिडिओ पाहतोय, ऑनलाइन रॉड आणि रील मागवतोय आणि ते सगळे सामान घराच्या माळ्यावर धूळ खात पडले आहे. त्या सामानाला घेऊन कुठे जायचे, याचे उत्तर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात आहे.

आमच्या घरात असा एक भाचा आहे. वय वर्षे 22, राहणार पुणे. दिवाळीनंतर कुंभकोणमला जायचे ठरले, तेव्हा त्याने कपड्यांची एक छोटी सॅक आणि मासेमारीच्या सामानाची एक भलीमोठी बॅग भरली. त्याची आई म्हणाली, ''अरे, देवदर्शनाला चाललात ना?'' तो म्हणाला, ''मावशी दर्शन घेईल. मी तळ्यावर बसेन.''

बास नाही, मरळ

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. अमेरिकेत ज्याच्यामागे लाखो लोक वेडे आहेत तो लार्जमाउथ बास आपल्या नद्यांमधला मासा नाही. त्याचा विक्रम मात्र ऐकण्यासारखा आहे. 1932 मध्ये जॉर्जिया राज्यातल्या जॉर्ज पेरी नावाच्या माणसाने 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा अधिक वजनाचा बास पकडला. मंदीचे दिवस होते. तो मासा घरी नेऊन कुटुंबाने खाल्ला, असे सांगतात. पुढे तब्बल 77 वर्षे कुणालाच त्याची बरोबरी करता आली नाही. 2009 मध्ये मानाबू कुरिता यांनी जपानच्या बिवा सरोवरात जवळजवळ तेवढ्याच वजनाचा बास पकडला आणि आता दोघांच्या नावावर तो विक्रम आहे.

आपल्याकडे या माशाची जागा मरळ घेते. सोलापूर, विदर्भ किंवा उजनीच्या काठावरच्या वाचकांना मरळ सांगायला नको. सापासारखे चपटे डोके, लांबट अंग, तोंडात बारीक धारदार दात. तमिळमध्ये तिला 'विराल' म्हणतात. बासप्रमाणेच मरळही गवतात, कमळाच्या पानांखाली दबा धरून बसते आणि वरून काही हलले की झडप घालते. म्हणूनच बाससाठी बनवलेले सामान मरळीला अगदी जसेच्या तसे चालते. ताकदीचे म्हणाल तर माझा भाचा म्हणतो, बास म्हणजे मरळीचा धाकटा भाऊ.

गंमत अशी की अमेरिकेत याच मरळीच्या कुळातल्या माशाची दहशत आहे. 2002 मध्ये मेरीलँड राज्यातल्या क्रॉफ्टन गावच्या एका तळ्यात चिनी जातीची मरळ सापडली. कुणीतरी बाजारातून जिवंत मासे आणून तळ्यात सोडले होते. ती पसरू नये म्हणून सरकारने तळ्यात विषारी औषध टाकून त्यातले सगळे मासे मारले. आपण जिला बाजारात सर्वात जास्त भाव देतो, ती तिकडे उपद्रवी ठरली!

मरळीचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा, कारण गळ टाकणाऱ्याला त्याचाच उपयोग होतो. तिला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. तिच्या डोक्यात हवेतून श्वास घेण्याची खास सोय असते आणि ठरावीक वेळाने ती वर येऊन तोंडाने हवा घेते. सकाळच्या शांत पाण्यावर 'टप्प' असा आवाज आला आणि मोठे वर्तुळ उमटले, तर समजा ती तिथे आहे. याच सोयीमुळे बाजारात ती ओल्या गोणपाटात तासन् तास जिवंत राहते.

कावेरीचे दोन हात

कुंभकोणमच्या उत्तरेला कावेरी आणि दक्षिणेला अरसलार, अशा दोन नद्यांच्या मधे हे शहर वसले आहे. शहरातून बाहेर पडलात की पुढे सगळा सपाट मुलूख. भाताची खाचरे, केळीच्या बागा, आणि त्यांच्यामधून धावणारे लहान-मोठे कालवे. प्रत्येक गावाला एक तरी तळे. या पाण्याचे वेळापत्रक मेट्टूर धरणावर ठरते. धरणात पुरेसा साठा असेल तर रिवाजाप्रमाणे 12 जूनला पाणी सोडतात आणि 28 जानेवारीला बंद करतात. फेब्रुवारी ते मे या काळात इथे आलात तर नदीत वाळू दिसेल आणि मुले क्रिकेट खेळताना दिसतील.

म्हणून गळ घेऊन जायचे तर जुलै ते जानेवारी हा काळ बरा. त्यातही ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत इथे ईशान्य मोसमी पाऊस असतो. आपल्याकडचा पाऊस संपला की यांचा सुरू होतो. तळी भरलेली असतात, पण वादळाची सूचना असेल तर मासेमारीचा विचार सरळ सोडून द्या.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो ते काका माझ्या वडिलांचे जुने स्नेही. वय 74. तंजावरच्या मराठी राज्यात जी सैनिकांची घराणी दक्षिणेत आली, त्यांपैकी एका घराण्यातले. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावर घेतले आणि भोसल्यांचे ते राज्य 1855 पर्यंत टिकले. राज्य गेले, माणसे राहिली. काकांचे मराठी ऐकताना सुरुवातीला आपण चमकतो. जुनी वळणे, मधेच तमिळ शब्द, आणि हेल पूर्ण तमिळ. पण दुसऱ्या दिवसापर्यंत कान सरावतो आणि मग आपलेच मराठी फार इंग्रजाळलेले वाटू लागते. भाच्याने त्यांना 'टॅकल', 'कास्ट', 'स्ट्राइक' असे शब्द ऐकवले, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, ''आणि हे मराठीत काय म्हणतात?''

भाचा गप्प. मी म्हटले, ''कोकणात 'गरवणे' म्हणतात, काका. गरवायला जातात.''

त्यांना तो शब्द एवढा आवडला की चार दिवस ते तोच वापरत होते.

कोणते सामान घ्यावे

आता थोडे सामानाबद्दल. दुकानदार तुम्हाला पन्नास वस्तू विकायला बघेल. लागतात फार थोड्या.

रॉड साडेसहा ते सात फुटांचा, मध्यम-भारी ताकदीचा घ्या. नाजूक रॉड घेऊ नका, कारण मरळ गळाला लागली की ती पहिल्याच क्षणी गवतात शिरते आणि तिला तिथून जोर लावून बाहेर ओढावे लागते. विमानाने जाणार असाल तर तीन-चार तुकड्यांत सुटणारा ट्रॅव्हल रॉड सोयीचा. गळ आणि काटे हँडबॅगेत ठेवू नका, ते चेक-इन सामानातच टाका.

रीलचे दोन प्रकार आहेत. एक स्पिनिंग आणि दुसरे बेटकास्टिंग. बास पकडणारे अमेरिकन शौकीन बेटकास्टिंगला डोक्यावर घेतात, कारण त्याने नेम अचूक बसतो आणि ताकदही जास्त लावता येते. पण नवशिक्याच्या हातात त्याच्या दोरीचा असा काही गुंता होतो, की सोडवता सोडवता सकाळ संपते. माझे मत विचाराल तर पहिल्या वर्षी स्पिनिंगच बरे. घरातल्या मुलांनाही ते तासाभरात जमते.

दोरी विणलेली, म्हणजे ब्रेड, 30 ते 50 पौंड ताकदीची. साधी नायलॉनची दोरी ताणली जाते आणि गवतात घासून तुटते. ब्रेडच्या टोकाला मात्र जाड नायलॉनचा दोन फुटी तुकडा बांधा, कारण मरळीचे दात.

आणि आमिष? इथे खरा पैसा वाया जातो. भाच्याच्या पेटीत सतरा प्रकारची आमिषे होती. चमचे, फिरक्या, रबरी किडे, चकचकीत मासे. त्यांतले कामी आले फक्त एक, ते म्हणजे रबरी बेडूक. पोकळ, मऊ अंगाचा, पाठीला चिकटून दोन काटे असलेला. काटे पाठीशी दडलेले असल्यामुळे तो कमळाच्या पानांवरून, शेवाळावरून न अडकता सरकतो. मरळीने तोंडात दाबला की अंग चेपते आणि काटे बाहेर येतात. हिरवा किंवा काळा, एवढे दोन रंग पुरेत. जिवंत बेडूक लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, पण तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. रबरी बेडकाने काम होते, मग बिचाऱ्या जिवंत बेडकाचा जीव कशाला घ्यायचा?

एक छोटी पक्कड नक्की ठेवा. काट्याचे उलटे टोक तिने दाबून सपाट केले तर मासा सोडताना त्याला जखम कमी होते. तुमच्या बोटात काटा घुसला तरी तो सहज निघतो, हा दुसरा फायदा. घरात लहान मुले असतील तर दुसराच फायदा महत्त्वाचा.

आणखी एक, जे कुठल्याही व्हिडिओत कुणी ठळकपणे सांगत नाही. हल्लीचे रॉड कार्बनचे असतात आणि कार्बनमधून वीज वाहते. त्रिभुज प्रदेशात शेतांवरून विजेच्या तारा गेलेल्या असतात, कधीकधी फार खाली आलेल्या. रॉड मागे घेऊन फेकण्यापूर्वी मान वर करून बघा. ढग गडगडू लागले तर रॉड खाली ठेवा आणि घरी चला. मासा उद्याही असतो.

तळ्यावरची सकाळ

तळ्यावर जाण्याआधी परवानगी हवी. मंदिरांच्या पुष्करिणीत गळ टाकायचा विचारही करू नका. तिथले मासे देवाचे. गावतळ्यातल्या मासेमारीचा बऱ्याचदा लिलाव होतो आणि ज्याने ठेका घेतला, मासे त्याचे. त्यामुळे गावात विचारा, ठेकेदाराशी बोला, मासा सोडणार की नेणार ते सांगा. काकांनी त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या खासगी तळ्याची सोय केली होती.

पहाटे साडेपाचला निघालो. रात्री पाऊस पडून गेला होता. तळ्याच्या निम्म्या भागावर कमळे, एका कोपऱ्यात जलपर्णी. शेतकऱ्याचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा आधीच काठावर होता. त्याच्या हातात बांबूची काठी, नायलॉनची दोरी, बुचाचा तुकडा आणि गांडूळ. काठीला तमिळमध्ये 'तूंडिल' म्हणतात. एका तासात त्याने सहा-सात मासे काढले. मी नाव विचारले तर म्हणाला, ''जिलेबी.'' मला वाटले, चेष्टा करतोय. पण भिगवणची जी चिलापी, तीच इकडची जिलेबी! तमिळमध्ये तिला खरोखरच 'जिलेबी केंडै' म्हणतात.

भाच्याची मात्र तासभर पाटी कोरी. तो बेडूक फेकत होता, पानांवरून टुणटुण आणत होता, पुन्हा फेकत होता. काका फोल्डिंगच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते.

सातच्या सुमारास ते झाले. जलपर्णीच्या कडेला बेडूक पोहोचला आणि पाणी फुटले. आवाज असा, जणू कुणी काठावरून वीट टाकली. भाच्याने शिकल्याप्रमाणे घाई केली नाही. बेडूक तोंडात नीट जाऊ दिला, दोरी ताठ झाली, मग झटका दिला. रॉड अर्धा वाकला. मासा एकदा पूर्ण बाहेर आला. काळी पाठ, पांढुरके पोट, आणि माझ्या हाताएवढी लांबी. मग तो खाली गेला, कमळाच्या देठांमध्ये शिरला. दोन मिनिटे नुसती ओढाताण. भाचा मागे सरकत होता, शेतकऱ्याचा मुलगा 'विडादे, विडादे' म्हणजे सोडू नको, सोडू नको असे ओरडत होता. आणि मग दोरी एकदम हलकी झाली.

बेडूक परत आला. त्याचा एक पाय गायब होता.

सुटलेल्या माशाचे वजन किती असते, हे जगात कुठेही सारखेच. तळ्यावर ती मरळ चार किलोची होती. घरी नाश्त्याच्या वेळी पाच झाली. रात्री पुण्याला फोन झाला तेव्हा सात. शेजारच्या मल्याळम भाषेत घोटाळ्याला 'कुंभकोणम' म्हणतात. का म्हणतात यावर वेगवेगळे किस्से आहेत, पण त्या रात्री मला तो शब्द अगदी योग्य वाटला.

पण खरा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. भाच्याने नवा बेडूक बांधला आणि त्याच जागेकडे वळला. तेवढ्यात काका खुर्चीवरून उठले. जलपर्णीजवळ पाण्यावर एक नारिंगी डाग हलत होता, साधारण परातीएवढा. जवळ गेल्यावर दिसले, ती पिल्ले होती. बोटाच्या पेराएवढी, शेकडो, सगळी एकत्र वर येऊन हवा घेत होती आणि पुन्हा खाली जात होती.

मरळ जोडी अंडी घालून निघून जात नाही. गवतात जागा साफ करून अंडी घातली जातात आणि पुढे पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत आई-बाप त्यांच्याखाली पहारा देतात. जवळ येईल त्यावर ते तुटून पडतात. भुकेने नाही, रागाने. म्हणूनच पिल्लांच्या थव्यावर बेडूक टाकला की मरळ हमखास लागते. व्हिडिओंमध्ये ही युक्ती फार अभिमानाने दाखवतात.

''आत्ता टाकला तर दुसऱ्या मिनिटाला लागेल,'' भाचा म्हणाला.

''लागेल ना,'' काका म्हणाले. ''म्हणूनच टाकायचा नाही.''

''काका, मी मारणार नाहीये तिला. फोटो काढून लगेच सोडणार.''

''तेवढ्या वेळात ही जिलेबी काय करील, माहीत आहे का, बाळा?'' त्यांनी त्या लहान मुलाच्या बादलीकडे बोट दाखवले. ''थवा राखायला कुणी नसलं की दहा मिनिटांत अर्धी पिल्लं संपतात. तुझा फोटो होईल. तळ्यात दोन वर्षांनी विराल कुठून यायची?''

भाच्याला ते पटले नव्हते, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. तो हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून आला होता, आयुष्यातला सर्वात मोठा मासा नुकताच हातून गेला होता, आणि तोच मासा वीस फुटांवर होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले. मी काहीच बोलले नाही. मग त्याने बेडूक काट्यावरून काढला आणि तळ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. तिथे दिवसभरात त्याला एक किलोभराची मरळ मिळाली, ती त्याने सोडली. काकांशी मात्र तो दुपारपर्यंत बोलला नाही.

तुमच्याबरोबर असा तरुण मुलगा असेल तर हा वाद तुमच्याही वाट्याला येईल. माझे मत काकांच्या बाजूने आहे. नारिंगी डाग दिसला की तिथून निदान तीस पावले दूर जायचे, हा नियम घरून निघतानाच ठरवून घ्या. तळ्यावर गेल्यावर ठरवायला गेलात तर ठरत नाही.

अणैक्करै आणि न परतलेला मासा

दुसऱ्या दिवशी काकांनीच गाडी काढायला सांगितली. ''मोठा मासा सुटला म्हणतोस ना? चल, तुला खरा सुटलेला मासा दाखवतो.''

कुंभकोणमहून चेन्नईच्या रस्त्याने पाऊण-एक तास गेलात की अणैक्करै लागते. तमिळमध्ये अणै म्हणजे बंधारा, करै म्हणजे काठ. इथे कावेरीची मोठी शाखा कोळ्ळिडम नदी अडवून लोअर अॅनिकट बांधलेला आहे. आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने 1836 च्या सुमारास तो बांधला. नदीचे पात्र एवढे रुंद, की समोरच्या काठावरची माणसे ठिपक्यांसारखी दिसतात. याच बंधाऱ्यातून निघालेले पाणी वीराणम तलावात जाते आणि तिथून चेन्नई शहराला मिळते. कामाचा बंधारा आहे, शंकाच नाही. त्याने लाखो लोकांच्या ताटात भात आला.

पण समुद्रातून या नदीत एक मासा येत असे. हिलसा. बंगाल्यांचा इलिश, आपल्या किनाऱ्यावरचा पाला, तमिळमध्ये उल्लम. समुद्रात राहणारा हा मासा अंडी घालायला गोड्या पाण्यात, नदीच्या वरच्या अंगाला चढतो. पुराच्या पाण्याची चाहूल लागली की थवेच्या थवे कोळ्ळिडममध्ये शिरत. बंधारा झाला आणि त्यांची वाट अडली. भारतातल्या माशांचा मोठा अभ्यास करणारे फ्रान्सिस डे यांनी 1870 च्या दशकातच सरकारला बजावले होते, की माशांना वर जाण्यासाठी वाट न ठेवता बांधलेले बंधारे मासेमारी संपवतील. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मद्रासच्या मत्स्य विभागाने कोळ्ळिडमच्या काठी, लोअर अॅनिकटजवळ, हिलशाची अंडी कृत्रिम रीतीने उबवण्याचे प्रयोगही केले. जगात या माशावर झालेल्या अशा सुरुवातीच्या प्रयोगांपैकी ते होते.

मग 1934 मध्ये मेट्टूरचे धरण पूर्ण झाले. पूर धरणात अडू लागला. ज्या लाल पाण्याच्या वासावर हिलसा समुद्रातून वळत असे, ते पाणीच वेळेवर खाली येईनासे झाले. कावेरीतली हिलशाची मासेमारी त्यानंतर जवळजवळ संपली.

काका बंधाऱ्याच्या कठड्याला टेकून हे सांगत होते. त्यांच्या आजोबांनी इथला उल्लम खाल्ला होता, वडिलांनी फक्त त्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या. भाचा ऐकत होता. त्याने विचारले, ''मग महसीर? कावेरीत तर केवढा मोठा महसीर असतो!''

असतो, पण इथे नाही. महसीर वरच्या, खडकाळ आणि वाहत्या पाण्याचा मासा. 1946 मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगन कुटुंबातल्या एकाने कावेरीची उपनदी असलेल्या कबिनीत 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा महसीर पकडला होता. आज कावेरीचा तो कुबडा महसीर अतिशय संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. 2018 मध्ये त्याची तशी नोंद झाली. धरणे, वाळूउपसा, सुरुंगाने होणारी मासेमारी आणि बाहेरून आणून सोडलेला निळ्या पराचा महसीर, अशी त्याची कारणे सांगितली जातात. तो पाहायचा तर कुंभकोणमला येऊन उपयोग नाही आणि गळ घेऊन तर कुठेच जाऊ नये.

बंधाऱ्याजवळ तळलेल्या माशांच्या टपऱ्या आहेत. हळद-तिखट लावून, तव्यावर कुरकुरीत. आम्ही बसलो. काकांनी टपरीवाल्या बाईंना तमिळमध्ये विचारले, ''उल्लम आहे का?'' बाई हसल्या. म्हणाल्या, ''जिलेबी आहे. विराल हवी तर उद्या सांगते.''

जायचे कसे, खायचे काय

मुंबई-पुण्याहून सर्वात सोपे म्हणजे विमानाने तिरुचिरापल्ली किंवा चेन्नई. तिरुचिरापल्लीहून तंजावरमार्गे गाडीने दोन-अडीच तासांत कुंभकोणम. वाटेत तंजावरला थांबा. बृहदीश्वराच्या आवारात 1803 मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. तमिळनाडूत एवढे मराठी भिंतीवर वाचताना जरा वेगळेच वाटते. चेन्नईहून रेल्वेही सोयीची आहे, सहा-एक तास लागतात.

वारकरी घरातले कुणी बरोबर असेल तर गोविंदपुरमला न्या. कुंभकोणमपासून दहा-बारा किलोमीटरवर विठ्ठल-रुक्मिणीचे भव्य मंदिर आहे. तमिळ कंठातून तुकोबांचे अभंग ऐकायला मिळतात. भजनाची ही परंपरा या भागात मराठी राज्याच्या काळात रुजली आणि इथल्या लोकांनी ती आपली करून टाकली. गावातच जन्मलेले आणखी एक मराठी नाव म्हणजे सर टी. माधवराव. 1828 साली कुंभकोणमला जन्मलेले हे गृहस्थ त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले.

शाकाहारी मंडळींनी सकाळी इडलीबरोबर 'कडप्पा' मागावा. बटाटा, मूगडाळ आणि नारळाचा हा पातळ रस्सा कुंभकोणमची खासियत आहे. त्यावर पितळी डबरा-पेल्यातली डिग्री कॉफी. मासे खाणाऱ्यांनी विराल मीन कुळंबु, म्हणजे चिंचेतला मरळीचा रस्सा, दुसऱ्या दिवशी शिळा करून खावा, असा काकूंचा आग्रह. तो आग्रह मोडू नका. मरळीला मधला एक काटा सोडला तर त्रासदायक बारीक काटे फार नसतात, त्यामुळे लहान मुलांनाही ती देता येते.

काकूंनी मरळ बाजारातून आणली होती. भाच्याने रस्सा दोनदा घेतला, मग काकांना विचारले, ''ही पिल्लं किती दिवसांत मोठी होतात?''

''महिनाभर आई-बाप सांभाळतात. पुढे ज्याचं त्याचं नशीब,'' काका म्हणाले. ''पोंगलला ये. तळं तेव्हाही भरलेलं असतं.''

भाच्याने मोबाइल काढला आणि जानेवारीच्या गाड्या बघायला लागला.